अर्ज लिहा, पोहोच घ्या

सकाळी तुम्ही नळ उघडता आणि पाणी येते. शाळेला निघताना घंटागाडीचा आवाज ऐकू येतो. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागतात. ही सर्व कामे कोण करते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

सातारा शहरात ही कामे नगरपरिषद करते. तिची स्थापना १८५३ साली झाली. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी एक महानगरपालिका झाली. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना आपण नगरसेवक म्हणतो. कामे कोणती करायची आणि पैसा कोठे खर्च करायचा, हे ते सभेत ठरवतात. ठरलेली कामे करून घेण्याची जबाबदारी नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांवर आणि महानगरपालिकेत आयुक्तांवर असते. आपण भरलेल्या घरपट्टीतून व पाणीपट्टीतून या कामांसाठी पैसा मिळतो. म्हणून ही सेवा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे.

नळ आणि दिवे डोळ्यांना दिसतात. परंतु नगरपालिकेचे एक महत्त्वाचे काम कागदावर चालते. ते म्हणजे जन्म आणि मृत्यू यांची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे बाळाच्या जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याचा दाखला आजच वाचून पाहा.

वाचून का पाहायचा? त्याचे कारण सांगतो. उर्दूत एकाच प्रकारे लिहिलेले नाव मराठीत महंमद, मोहम्मद, मुहम्मद असे अनेक प्रकारे लिहिले जाते. माझ्या वर्गातील एका मुलीचे नाव शाळेत 'सुमय्या' होते आणि जन्मदाखल्यावर 'सुमया'. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा हा फरक लक्षात आला. तिचे वडील रिक्षा चालवत. ते दोनदा कचेरीत गेले आणि दोन्ही वेळा "उद्या या" हे ऐकून परतले. दोन दिवसांची कमाई बुडाली. त्यांना मराठी बोलता येत असे, पण लिहिता येत नसे. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची कोठेही नोंद झाली नाही. कोणीतरी पैसे देऊन काम करून घेण्याचा सल्लाही दिला.

शेवटी त्या मुलीने स्वतः अर्ज लिहिला. फक्त सहा ओळींचा! सोबत शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडले. तिसऱ्या वेळी ती वडिलांबरोबर गेली. अर्ज देऊन तिने त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागून घेतला. यालाच 'पोहोच' म्हणतात. पुढच्या खेपेस तिने ती पोहोच पुढे ठेवली. आता "अर्ज मिळाला नाही" असे कोणी म्हणू शकत नव्हते. नाव दुरुस्त झाले. अशी दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडत नाहीत. समासात बरोबर नोंद लिहून निबंधक तेथे सही आणि तारीख घालतात.

चांगला अर्ज कसा असतो? वर उजवीकडे आपले नाव, पत्ता आणि तारीख असावी. त्यानंतर अधिकाऱ्याचे पद आणि एका ओळीत विषय लिहावा. मजकुरात काय अडचण आहे, कोठे आहे, केव्हापासून आहे आणि आपली मागणी काय आहे, एवढेच सांगावे. रागाचे शब्द टाळावेत. "आमच्या भागात अंधार असतो" असे मोघम लिहू नये. "शाळेच्या फाटकासमोरील खांबावरचा दिवा आठ दिवसांपासून बंद आहे" असे नेमके लिहावे.

मराठी अर्जाची भीती बाळगू नका. अर्ज, तारीख, मुदत, दाखला, नक्कल, तक्रार, हक्क, हे शब्द तुम्ही घरीही ऐकता. कचेरीतले अनेक शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. राहिलेले या पुस्तकात शिका.

कायदाही अर्जदाराच्या बाजूने आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात. मुदत टळली, तर वरिष्ठांकडे अपील करता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे कोणताही नागरिक सार्वजनिक कामाची माहिती मागू शकतो. तिचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. वयाच्या १८व्या वर्षी तुम्ही मतदान करू शकाल आणि २१व्या वर्षी नगरसेवकपदाची निवडणूकही लढवू शकाल. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाहत सांगलीला येते. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे वेण्णा तिला मिळते. सातारकरांनी ओढ्यात टाकलेली पिशवी पावसाबरोबर नदीत जाऊ शकते, आणि सांगलीकर त्याच कृष्णेचे पाणी शुद्ध करून पितात. म्हणून ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच टाका. वाहता सार्वजनिक नळ दिसला, तर तो बंद करून पुढे जा. तो बिघडलेला असेल, तर अर्ज लिहा.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. तिच्या गल्लीत कोणाला अर्ज लिहायचा असला, की लोक तिच्या घरी येतात. ती अर्ज लिहून देते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते, "चाचा, पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका."