सोलर नव्हे, आधी पाइप पाहा

जुन्नर-आंबेगावात थंडी पडली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: सोलरचं पाणी येत नाही. नारायणगाव असो वा मंचर, गच्चीवरच्या काचनळ्या शाबूत असतात, ऊनही चांगलं असतं. अशा वेळी नवा सोलर घेण्याआधी पाइपांची वाट तपासावी.

साध्या घरगुती सोलरला पंप नसतो. गार पाणी वरच्या टाकीतून उतारानं येतं, तापलं की हलकं होऊन सोलरच्या टाकीत वर चढतं. तापताना पाणी फुगतंही. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं, तर सुमारे ३ लिटरनं वाढतं. या फुगवट्याला, हवेला आणि वाफेला वाट म्हणून सोलरच्या टाकीवर उघड्या तोंडाचा उभा पाइप असतो.

या पाइपातून पाणी सांडत असेल, तर त्याचं तोंड वरच्या टाकीतल्या पातळीपेक्षा खाली आहे. त्याची उंची वाढवा; टोपण मात्र कधीही लावू नका. कोंडलेल्या दाबानं टाकी फुटू शकते, पाणी उपसताना आत पोकळी होऊन ती चेपूही शकते.

गरम नळ फुसफुसून थांबला, तर पाइपात हवा धरली आहे. नदीवरून शेतात आणलेल्या पाइपलाइनला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लागतो, त्याचं कारणही हेच. वरची टाकी भरा, सगळ्यात खालचा गरम नळ पूर्ण उघडा. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल, तर पाइपाचा मधला उंचवटा काढून सलग उतार द्या.

गार नळ जोरात आणि गरम बारीक, असं असेल तर बोअरवेलच्या पाण्यातले क्षार बघा. पाणी तापलं की ते जास्त साचतात. आधी नळाची जाळी साफ करा, मग पाइप.

गरम पाणी कोमट येत असेल, तर बाथरूममधल्या मिक्सरची गार बाजू बंद करून पाहा. फरक पडला तर गार पाणी उलटं शिरतंय. तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत भर उन्हात गार पाणी सोडू नका, काच तडकते. टाकी भरायची ती सूर्योदयापूर्वी. आणि नवा सोलर बसवताना प्लंबरकडून टाक्यांची उंची आणि पाइपांचा उतार समोर उभं राहून मोजून घ्या.