पांढरीतले पेव

घोड आणि भीमा यांच्या काठी असूनही पर्जन्यछायेत सापडलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, जेथे एका साली शाळू माणसाच्या उंचीला लागावा आणि पुढल्या साली शेताने पेरलेले बीही परत देऊ नये, तेथे धान्य राखणे ही ते पिकवण्याइतकीच मोलाची विद्या होती. त्या विद्येचे साधन म्हणजे गावठाणाच्या पांढरीत खोदलेले पेव.

उंच, कोरडी जागा पाहून अरुंद तोंडाचा व आत रुंदावत जाणारा खड्डा घेत. तळाला आणि भिंतींना कडब्याचा जाड थर देत. कडकडीत वाळलेली ज्वारी ओतून वर पुन्हा काड पसरीत, आणि तोंडावर फाडी बसवून मातीने ते असे लिंपीत की पावसाचा थेंबही आत शिरू नये.

पेव उघडताना मी लहानपणी जवळून पाहिले आहे. फाडी सरकवल्यावर जाणती माणसे मुलांना दूर सारीत, बराच वेळ तोंड उघडे ठेवीत आणि दोराने पेटता कंदील आत सोडीत. तो विझला तर कोणी उतरायचे नाही, हा दंडक होता. कोंडलेले धान्य आतला प्राणवायू संपवून कर्बवायू साठवते. जो वायू किडीला जगू देत नाही, तोच उतरणाऱ्याचाही घात करतो. वर येणाऱ्या ज्वारीला आंबूस वास असे, कडेचा थर काळवंडलेला निघे, आणि ते दाणे पेरणीच्या भरवशाचे नसत. म्हणून बियाणे राखेत मिसळून सारवलेल्या कणगीत निराळे ठेवण्याचा रिवाज होता.

धान्य राखण्याची ही दृष्टी किती प्राचीन! शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968पासून केलेल्या उत्खननात, 3000 वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, धान्याचे कोठार आणि साठवणीचे खड्डे उजेडात आले. इंग्रजी अमलात सारा रोखीने भरणे प्राप्त झाल्यावर मात्र खळ्यावरचे धान्य सावकाराच्या दारी जाऊ लागले, आणि 1875 साली सावकारांविरुद्ध सुप्यास पेटलेल्या शेतकऱ्यांच्या दंग्याची झळ केडगावलाही लागली.

पुढे चिंचणीला घोड धरण झाले, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि बागायतीत ज्वारीची जागा उसाने घेतली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे मोठेच हित झाले. परंतु तोडलेला ऊस राखून ठेवता येत नाही, तो तत्काळ गाळपास द्यावाच लागतो; पेवाचा धनी मात्र भावासाठी थांबू शके आणि अवर्षणात घरचेच खाऊ शके. पेवे बुजली ती बुजोत. पण सुकाळाच्या साली दुष्काळाची तरतूद आपल्याच गावात करण्याची ती दूरदृष्टी, गोदामाच्या रूपाने का होईना, ग्रामपंचायतींनी आणि सहकारी सोसायट्यांनी पुन्हा अंगीकारली पाहिजे.