जुना रंग उतरवा, चुन्याची भिंत सांभाळा

सोलापूर : दिवाळीच्या रंगकामाआधी शहराच्या पेठांतील जुन्या घरांत ऑइल पेंटचे थर खरवडण्याचे काम निघते. या भिंतींचा गिलावा बहुधा चुन्याचा असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होतो, तरी सिमेंटपेक्षा तो मऊच. त्याच्या सूक्ष्म छिद्रांवाटे भिंतीतील ओल बाहेर पडते; ऑइल पेंट ती वाट बंद करतो. मग क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात.

प्रथम बोटाने भिंत वाजवून पाहावी. पोकळ आवाज येईल तेथे गिलावा सुटलेला असतो. तेथे हात हलका हवा. साधा डिस्टेंपर कोमट पाण्याने भिजवला, की रुंद पत्तीने निघतो. ॲसिड मात्र वापरू नये. ते रंगाऐवजी चुनाच विरघळवते.

खरा धोका जुन्या ऑइल पेंटमध्ये आहे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे केंद्राचे नियम २०१६ मधील असून ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत याहून अधिक शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून कोरडा पॉलिश पेपर नको, यंत्र तर नकोच. वॉटर पेपर ओला ठेवून घासावे, मुले व गर्भवतींना खोलीपासून दूर ठेवावे आणि चुरा न झाडता ओल्या फडक्याने टिपावा.

खड्डे सिमेंटने भरण्याची घाई पुष्कळांना नडते. सिमेंट कडक असल्याने कडेचा चुना सुटतो. चुना-वाळूच भरावी, ती पुरती वाळू द्यावी आणि वरून चुन्याचाच हात मारावा.