कार्बापेनेमेजे, आंत्रीय सूक्ष्मजंतूंतील

कार्बापेनेम गटातील प्रतिजैव औषधे (इमिपेनेम, मेरोपेनेम इ.) निष्प्रभ करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने). या औषधांच्या रेणूत पेनिसिलिनाप्रमाणेच बीटा-लॅक्टम हे चार अणूंचे वलय असते. एंझाइमाने ते तुटले की, औषधाचा गुण नाहीसा होतो. आतड्यात राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय, क्लेब्सिएल्ला न्यूमोनिई इ. सूक्ष्मजंतूंत या एंझाइमांची जीने बहुधा प्लाझ्मिडांवर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या वलयांवर) असल्यामुळे ती एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतात.

यांपैकी एनडीएम-१ या एंझाइमाचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात मिळालेल्या २४ कार्बापेनेमरोधी वाणांपैकी २२ वाणांत ते असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

परीक्षण : औषधाच्या चकतीभोवती सूक्ष्मजंतूंची वाढ थांबत नसेल, तर रोध असल्याचे कळते, परंतु त्याचे कारण कळत नाही. कोशिकेत औषध शिरण्याचे मार्ग कमी झाल्यानेही रोध उत्पन्न होतो. म्हणून एंझाइमाचे कार्यच तपासतात. मेरोपेनेमाची चकती संशयित सूक्ष्मजंतूंच्या द्रवात चार तास ठेवून नंतर औषधाला बळी पडणाऱ्या एश्चेरिकिया कोलायच्या थरावर ठेवतात. हे सूक्ष्मजंतू चकतीलगत वाढले, तर चकतीतील औषध नष्ट झाले, असे ठरते. एनडीएमच्या कार्यास जस्त आवश्यक असते. ईडीटीए हे संयुग जस्त बांधून ठेवते. त्यामुळे द्रवात ईडीटीए मिसळल्यावर औषध टिकून राहिले, तर एंझाइम जस्तावलंबी असल्याचे समजते. बहुगुणन विक्रियेने (पीसीआर) जीन थेट व लवकर ओळखता येते. मात्र ज्या जिनांसाठी चाचणी तयार केलेली असते, तेवढीच तीत सापडतात.

महत्त्व : एंझाइमाच्या प्रकारावर औषधाची निवड अवलंबून असते. ॲव्हिबॅक्टम हे निरोधक केपीसी व ऑक्सा-४८ या एंझाइमांना अडवते, एनडीएमला अडवीत नाही. उलट ॲझ्ट्रिओनामाचे विघटन एनडीएम करू शकत नाही. पण त्याच सूक्ष्मजंतूतील इतर बीटा-लॅक्टमेजे ते करतात. म्हणून एनडीएम आढळल्यास ही दोन्ही औषधे एकत्र योजतात. केवळ आतड्यात असे सूक्ष्मजंतू आढळणे हा रोग नव्हे व त्यासाठी सामान्यतः प्रतिजैव औषध देत नाहीत. तथापि अशा वाहकापासून रुग्णालयातील दुर्बल रुग्णांना संसर्ग होऊ नये म्हणून हातांची स्वच्छता व स्वतंत्र व्यवस्था आवश्यक ठरते.