दुरुस्तीपूर्वीचा शोध

संगणकाच्या आज्ञावलीत दोष आढळला म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यास प्रथम माहिती शोधावी लागते. सदोष ओळ कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने लिहिली? मूळ लेखक पुष्कळदा परदेशी असतो, किंवा त्याने ते काम सोडलेले असते.

‘लिनक्स’ प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये निर्माण केला. त्याचा मूळ मजकूर कोणासही वाचता व सुधारता येतो. त्यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात प्रत्येक बदलाचा कर्ता व दिनांक नोंदला जातो आणि कारणही लिहिता येते. दोष कोणत्या बदलाने शिरला हे ठाऊक नसेल, तर बदलांची यादी निम्मी-निम्मी करीत तपासतात. अशा रीतीने १,००० बदलांतील दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो. त्या विभागाची जबाबदारी कोणाकडे आहे, हेही स्वतंत्र यादीत नमूद असते. त्यामुळे शंका योग्य व्यक्तीस विचारता येते.

मात्र कारणच लिहिलेले नसेल, तर निरुपयोगी भासणारी ओळ काढून टाकली जाते आणि पूर्वी मिटलेला दोष पुन्हा उद्भवतो. नस्तीवरील सकारण टिप्पणीचे मोल जाणणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको.