एक नाव, दोन हेमलॉक

‘सॉक्रेटिसला हेमलॉकचे विष दिले’ असे आपण वर्गात सांगतो. मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, हेमलॉक तर पाइनसारखा उंच वृक्ष आहे ना?’

तिचेही बरोबर आहे! इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सला वापरलेले हेमलॉक मात्र कोथिंबीर-गाजराच्या कुळातले रोप. खोडावर जांभळे ठिपके. त्यातले कोनिइन चेतातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. पाय लुळे पडतात, लुळेपणा वर चढतो, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध बहुधा शाबूत असते. पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात. म्हणून युरोप-अमेरिकेत आजही माणसे फसतात.

वृक्ष (त्सुगा) उत्तर अमेरिकेत आणि पूर्व आशियात, आपल्या हिमालयातही वाढतो. त्याच्या सुया चुरगळल्यावर त्या रोपासारखा वास येतो, म्हणून हे नाव. विष मुळीच नाही. सुयांचा काढा लोक पितात.

राळेचे काय? पाइनच्या लाकडात राळवाहिन्या मुळातच असतात. हेमलॉकच्या लाकडात एरवी त्या नसतात. जखम झाली तरच तयार होतात. चिकट राळ जखम बुजवते, किडीला अडवते.