तलाव आणि तो राखणारा माणूस



शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. आमच्यापैकी पुष्कळांनी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत हातपाय मारले. तिथे नियम एकच होता : काठावर जाणता माणूस हवा. आता गावाला पोहण्याचा तलाव हवा, अशी मागणी होते. ती रास्त आहे. पण तो जाणता माणूस विसरून चालणार नाही.

आधी बांधणी पाहा. तळाचा उतार सावकाश असावा, खोली काठावर ठळक आकड्यांत लिहावी, फरशी ओली झाली तरी घसरू नये. तळाच्या जाळीकडे सहसा कोणी पाहत नाही. पंपाची सारी ओढ एकाच तोंडाशी आली, तर केस किंवा अंग तिथे अडकते आणि धडधाकट माणसालाही सुटता येत नाही. म्हणून तोंडे दोन, एकमेकांपासून दूर, आणि जाळ्या पक्क्या हव्यात. अमेरिकेत याच कारणासाठी २००७ साली कायदा झाला.

आता पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले, की सार्वजनिक तलावात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, तीनच्या वर जाऊ नये. पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. त्यात एक मिलिग्रॅमचा हिशेब अर्ध्या किलोहूनही कमी भरतो. पण उन्हात तो झपाट्याने उडतो. शिवाय पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसात असेल तर निम्मा क्लोरीन जोमाने काम करतो. साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून पाणी दिवसातून अनेकदा तपासावे लागते. डोळे चुरचुरवणारा उग्र वास स्वच्छतेची खूण नाही. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळल्याची ती खूण आहे. आधी अंघोळ करा, हा नियम त्यासाठीच आहे.

हे सारे करतो कोण? एका तलावावरचा कामगार खोकत माझ्याकडे आला. आम्लाला आणि ब्लीचिंग पावडरला बादली एकच होती. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. त्याच्या हाती निष्काळजीपणाची नोटीस होती. मी विचारले, “तुला हे शिकवले कोणी?” तो म्हणाला, “कोणीच नाही, साहेब.”

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही. म्हणून राखणदाराची नजर पाण्यावरच हवी. तोच तिकिटे फाडत असेल, तर काठावर कोणी नाही असेच समजा.

तेव्हा तलाव मागताना तीन गोष्टी मागून घ्या : शिकवलेले, पुरेशा पगाराचे राखणदार, रसायनांची वेगळी, हवेशीर खोली, आणि दारावर त्या दिवशीच्या पाण्याचे आकडे लिहिलेला फळा. पाण्यात उतरण्याआधी तो फळा वाचा. कोरा दिसला, तर मुलाचा हात धरून परत फिरा.